मिशनच्या शाळा आणि आपला खेळाचा तास

(द्वितीय वर्ष कला)

"मिशनच्या शाळेतली मुलं खेळात पुढे असणारच!" हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते की ते तपासून पाहावे असे कोणालाच वाटत नाही. एस.टी. स्टँडवर, कॉलेजच्या कट्ट्यावर, इतकेच काय पण शिक्षकांच्या खोलीतही ते ऐकू येते. त्याच्या पाठोपाठ कारणांची यादी येते. कोणी म्हणतो, त्यांचा आहारच वेगळा. कोणी म्हणतो, त्यांना परदेशातून पैसा येतो. कोणी त्यांच्या इंग्रजीकडे बोट दाखवतो, कोणी शिस्तीकडे, तर कोणी सरळ धर्माकडेच. मग एक सुस्कारा टाकला जातो आणि विषय संपतो.

माझे म्हणणे असे की ही सारी कारणे टिकून आहेत ती खरी आहेत म्हणून नव्हे, तर आपल्या सोयीची आहेत म्हणून. दुसऱ्याचा आहार आणि दुसऱ्याचा धर्म आपल्याला उचलून आणता येत नाही. तेव्हा आपल्याला काही करावेही लागत नाही! खरे कारण फार साधे आहे, आणि साधे असल्यामुळेच ते थोडे अडचणीचे आहे. ते या लेखात मांडण्याचा प्रयत्न करते.

चौलच्या मुलीने या विषयावर लिहावे याला निमित्तही आहे. आमच्या शेजारी रेवदंड्याच्या कोटात नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जुन्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत. १५२१ साली पोर्तुगीजांना येथे किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली आणि १७४० साली हे ठाणे मराठ्यांच्या हाती आले. मधल्या सव्वादोनशे वर्षांत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन आणि जेझुइट अशा चारही पंथांच्या धर्मगुरूंनी येथे मठ आणि चर्च बांधली. आपण ज्याला सातखणी म्हणतो तो उंच मनोरा मूळचा फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा. आज त्या भिंतींवर वड-पिंपळ उगवले आहेत, आणि सहलीची मुले तेथे फोटो काढून परत जातात.

त्या चौघांपैकी जेझुइटांची गोष्ट पुढे चालू राहिली. १७७३ साली पोपनेच हा पंथ बरखास्त केला आणि १८१४ साली तो पुन्हा सुरू झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे लोक मुंबई-पुण्यात नव्याने शाळा काढू लागले. वांद्र्याचे सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ सालचे. ते अनाथ मुलांसाठी सुरू झाले. पुण्याचे सेंट व्हिन्सेंट १८६७ सालचे आणि मुंबईचे सेंट झेवियर्स १८६९ सालचे. पुढे इतर पंथांच्या, जोगिणींच्या आणि धर्मप्रांताच्या शाळा निघाल्या. आज मुंबईच्या कॅथलिक धर्मप्रांताच्या शिक्षण मंडळाच्या छत्राखाली शंभराहून अधिक शाळा आहेत. विशेष म्हणजे या धर्मप्रांताची हद्द मुंबई आणि ठाण्यापुरती नाही. आपला रायगड जिल्हाही तीत येतो.

या शाळांनी खेळ आणला तो कोठून? त्या काळी इंग्लंडमधील शाळांत अशी एक समजूत बळावली होती की मैदान हाही वर्गच आहे, आणि चांगला ख्रिस्ती माणूस घडवायचा तर त्याला पुस्तकाबरोबर चेंडूही द्यावा. मिशनऱ्यांनी हा विचार जगभर नेला. काश्मीरमधील उदाहरण प्रसिद्ध आहे. टिंडेल-बिस्को नावाचे मिशनरी शिक्षक १८९१ साली श्रीनगरच्या शाळेत फुटबॉल घेऊन आले. चेंडू चामड्याचा, आणि विद्यार्थी बहुतेक ब्राह्मण. मुलांनी त्याला पाय लावायचे नाकारले. पण सरांनी सामना खेळवलाच. त्याच साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेतील जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात विद्यार्थ्यांना आत खेळता यावे म्हणून बास्केटबॉल शोधून काढला. १९२० साली मद्रासला त्याच वाय.एम.सी.ए.चे हॅरी बक यांनी शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था काढली.

या साऱ्यामागचा हेतू अगदी निर्मळ होता, असे मानण्याचा भोळेपणा आपण करू नये. मैदानावर पंचाचा निर्णय मुकाट्याने मानणारा मुलगा पुढे साहेबाचा हुकूमही मुकाट्याने मानील, ही आशा त्यात होतीच. धर्मप्रसाराची इच्छाही होती. परंतु हेतू काहीही असो, दिलेली वस्तू घेणाऱ्याची होते. रांचीच्या मिशनच्या सेंट पॉल शाळेत शिकलेले जयपाल सिंह मुंडा हे आदिवासी कुटुंबातील. ते पुढे ऑक्सफर्डला गेले, आणि १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे कर्णधार झाले. नंतर घटना समितीत आदिवासींची बाजू त्यांनी ताठ मानेने मांडली. साहेबाला आज्ञाधारक माणूस हवा असेल; मिळाला तो असा!

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या शाळांजवळ असे काय होते की ज्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या कपाटात ढाली आणि चषक साठत गेले? माझे उत्तर एका शब्दाचे आहे: वेळापत्रक.

मुंबई शालेय क्रीडा संघटना १८९३ साली स्थापन झाली. क्रिकेटच्या हॅरिस ढालीला ज्यांचे नाव आहे ते लॉर्ड हॅरिस त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर होते. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे मुंबईतल्या शाळा एकमेकींशी ठरलेल्या मोसमात, ठरलेल्या वयोगटात, ठरलेल्या मैदानांवर खेळत आल्या आहेत. क्रिकेट, हॉकी, फुटबॉल, मैदानी स्पर्धा, एकामागून एक. मिशनच्या शाळा या जाळ्यात पहिल्यापासून घट्ट विणलेल्या. शाळेच्या आत चार 'हाउस' आणि त्यांचे आपसांतील सामने. त्यातून शाळेचा संघ. मग दुसऱ्या शाळांशी सामने. मुलगा पाचवीत असल्यापासून दर वर्षी खेळत राहतो. तो हरतो, पण हरला म्हणून त्याचे वर्ष संपत नाही. पुढच्या आठवड्यात किंवा पुढच्या मोसमात आणखी कोणता तरी सामना असतोच. माझ्या मते खेळाडू जिंकून घडत नाही. हरल्यावर पुन्हा खेळायला मिळाले म्हणजे घडतो. सेंट झेवियर्समधून सुनील गावसकर आणि वांद्र्याच्या स्टॅनिस्लॉसमधून २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपर्यंत गेलेले हॉकीपटू विरेन रस्किन्हा ही नावे आपण ऐकतो. पण त्या एकेका नावामागे शेकडो साधी मुले वर्षानुवर्षे सामने खेळत होती, हे आपण विसरतो. त्या शेकड्यांच्या गर्दीशिवाय तो एक निघत नाही.

कोणी म्हणेल, हे वेळापत्रक म्हणजे ख्रिस्ती शाळांचीच मिरास आहे, आपल्याला त्याचा काय उपयोग? याला उत्तर १९८८ सालच्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर मिळालेले आहे. हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यात दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराचे सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. हे सर्वांना पाठ आहे. पण समोर गोलंदाजी टाकणारी शाळा कोणती होती? सेंट झेवियर्स! ज्या शाळांनी हे जाळे विणले त्यांच्यातलीच एक दादरच्या पोरांपुढे दोन दिवस चेंडूमागे धावत होती. ना आहार आडवा आला, ना धर्म.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सचिन आधी वांद्र्याच्या दुसऱ्या शाळेत होता. रमाकांत आचरेकर सरांच्या सांगण्यावरून त्याने शाळा बदलली आणि शारदाश्रमात प्रवेश घेतला. गुणवत्ता तर त्याच्या अंगी आधीपासूनच होती. मग शाळा बदलायची गरज का पडली? कारण मोठमोठे सामने नियमाने खेळणारी शाळा हवी होती. सचिनसारख्यालाही जाळ्याच्या आत यावे लागले. मग तुमची-आमची काय कथा!

धर्माचा आणि खेळाचा संबंध लावणाऱ्यांना मी आणखी एक विनंती करीन. रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लईला जावे. किल्ल्याच्या पायथ्याचे हे गाव. तेथील ख्रिस्ती वस्ती पोर्तुगीजांच्या काळापासूनची. घरात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक वेगळीच बोली बोलतात. तिला ते 'नो लिंग', म्हणजे आमची भाषा, म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ तिच्या अभ्यासासाठी परदेशातून आले. चर्च आहे, श्रद्धा आहे, मुंबईचाच धर्मप्रांत आहे. माणसे मात्र आपल्यासारखीच शेती आणि मासेमारी करणारी. कोर्लईच्या मुलांची नावे मुंबईच्या ढालींवर वाचल्याचे मला आठवत नाही. मग धर्म कोठे गेला? कोर्लईचा मुलगा आणि चौलचा मुलगा यांच्यात धर्माचे अंतर असेल, पण मैदानाच्या बाबतीत दोघे एकाच बाजूला उभे आहेत. अंतर आहे ते वेळापत्रक असलेल्या आणि नसलेल्या शाळांमध्ये.

आपल्याकडे वेळापत्रकाची परंपरा नाही, असे मात्र मुळीच नाही. कोल्हापूर-साताऱ्याकडची कुस्ती पाहा. गावोगावच्या जत्रांचे फड हे तिचे वेळापत्रक. या जत्रेत चितपट झालेला मल्ल पुढच्या जत्रेत पुन्हा लांग बांधतो. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलचे. मिशनशी त्यांचा काही संबंध नव्हता. खोखोचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने समिती नेमून ठरवले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळही त्याच वर्षीचे, आणि १९३६ साली त्याचे पथक बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये आपले देशी खेळ दाखवून आले. इतके दूर तरी कशाला? आपल्या रायगडात गावोगावी कबड्डीची मंडळे आहेत. प्रकाशझोतात रात्रभर सामने चालतात. एका गावचा संघ आज येथे हरला तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी खेळायला जातो. म्हणूनच रायगडची कबड्डी सर्वत्र नावाजली जाते. ही तर मिशनच्या शाळांचीच पद्धत झाली. फक्त ती शाळेत नसून गावाच्या मंडळात आहे.

येथेच माझ्या लेखाचे खरे दुखणे सुरू होते. कुस्तीचा फड मुलांचा. मंडळाची रात्रीची कबड्डी मुलांची. मुलीसाठी गावात एकच मैदान उरते, ते शाळेचे. रात्री अकरा वाजता कोणाच्या घरची मुलगी दुसऱ्या गावी सामना खेळायला जाईल? आणि शाळेत काय चालते, हे आपण सर्व जण जाणतो.

मी एका साध्या, अनुदानित, मराठी शाळेत शिकले. आमच्या वेळापत्रकावर आठवड्यातून दोनदा 'शा. शि.' असे लिहिलेले होते. त्यातला एक तास गणिताचा पोर्शन मागे राहिला म्हणून जाई आणि दुसरा कशासाठी तरी जाई. दहावीत तर ती अक्षरे केवळ शोभेची होती. वर्षातून एकदा, पावसाळा ओसरायच्या सुमारास, तालुक्याच्या स्पर्धांची सूचना येई. मग चार दिवस धावपळ. आठवीत असताना मी खोखोच्या संघात होते. पहाटेच्या एस.टी.ने आम्ही बारा मुली दोन बाईंबरोबर गेलो. सामने बाद पद्धतीचे. समोरचा संघ सराव केलेला होता. आमचा सामना तासाभरात आटोपला आणि दुपारच्या जेवणाला आम्ही घरी होतो. त्या बारा जणींचे त्या वर्षाचे सारे खेळणे एका तासात संपले. आमच्यातली जी सर्वांत चपळ होती, जिचा खांब मारून वळण्याचा झपाटा पाहून समोरच्या शाळेच्या सरांनीही मान डोलावली होती, तिला पुढच्या वर्षी घरच्यांनी पाठवले नाही. "एवढ्याशा खेळासाठी दिवस कशाला मोडायचा?" असे तिची आई म्हणाली. मला त्या माउलीचा राग येत नाही. एका तासासाठी दिवस मोडावा असे वाटण्याजोगे आम्ही तिला दाखवले तरी काय होते?

माझा आतेभाऊ मुंबईला मिशनच्या शाळेत शिकला. आतोबा गोदीत कामाला. घरात इंग्रजी कोणाला येत नाही. फीमध्ये सवलत मिळाली म्हणून प्रवेश झाला. तो काही असामान्य खेळाडू नव्हे. सुटीत चौलला आला की पुळणीवर माझ्याबरोबर धावायचा, आणि बहुतेक वेळा मागे पडायचा. पण त्याला दर वर्षी फुटबॉलचे कितीतरी सामने मिळाले. त्याच्याजवळ प्रमाणपत्रांची एक फाईल आहे. माझ्याजवळ 'सहभाग घेतला' असे लिहिलेला एक कागद आहे. वेगवान कोण होते, हे त्या दोन कागदांवरून कोणालाही कळणार नाही!

या कागदांची किंमत आपण फार उशिरा ओळखतो. माझे वडील नारळ-पोफळीच्या वाडीत कामाला जातात. घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. धाकटी बहीण आठवीत आहे आणि ती माझ्यापेक्षा चांगली धावते. दत्ताच्या डोंगराच्या पायऱ्या ती न थांबता चढून जाते. वडील विचारतात, "पळून काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. मी सांगितले, तेव्हा ते गप्प बसले आणि मग म्हणाले, "पण त्यासाठी वरपर्यंत जावं लागेल ना?" तेही खरेच. राखीव जागा आहेत, पण तेथवर नेणारी शिडी मधल्या पायऱ्यांवाचून उभी आहे. वर्षाला एक सामना खेळणारी मुलगी वरच्या पातळीवर पोहोचणार कशी? म्हणजे ज्या सवलतीची गरज आमच्यासारख्यांना सर्वांत अधिक, ती ज्यांच्या शाळेला आधीच वेळापत्रक आहे त्यांच्या पदरात पडते. खेळाचा तास गणिताला दिला की गरिबाच्या मुलीचे भले होते, असे समजणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

यावर काही आक्षेप येतील. पहिला आक्षेप पैशाचा. मिशनच्या शाळांजवळ पैसा आहे, आपल्याजवळ नाही. परंतु मुंबईतील त्या शाळांपैकी पुष्कळ अनुदानित आहेत. म्हणजे त्यांच्या शिक्षकांचा पगार ज्या सरकारी तिजोरीतून निघतो तिच्यातूनच आपल्याही शिक्षकांचा निघतो. फरक एवढाच की तेथे शाळा सुटल्यावर खेळाचे सर मैदानावर थांबतात, आणि ते थांबले आहेत की नाही हे पाहणारे कोणी तरी असते. मैदानाबद्दल म्हणाल, तर मुंबईतल्या कितीतरी शाळा आझाद मैदानासारख्या सार्वजनिक जागेवरच खेळत आल्या. आपल्याला तर देवाने रेवदंड्यापासून नागावपर्यंत पुळण दिली आहे.

दुसरा आक्षेप असा की आज या शाळांचे कौतुक करण्यासारखे राहिले आहे काय? काही शाळांच्या फिया गगनाला भिडल्या आहेत. अनाथांसाठी सुरू झालेल्या परंपरेत आता प्रवेशासाठी रांगा लागतात. चांगले खेळाडू बाहेरून आणून संघ सजवण्याचा प्रकारही सर्वत्र वाढला आहे, आणि त्यात मिशनच्या शाळा काय किंवा दुसऱ्या काय, कोणीच मागे नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच मी त्या शाळांची पूजा करा असे म्हणत नाही. त्यांची ढाल आपल्याला नको, त्यांची इंग्रजीही नको. आपल्याला हवे त्यांचे वेळापत्रक.

तिसरा आक्षेप आपल्या गुरुजनांचा असेल: अभ्यासाचे काय? मी नम्रपणे विचारते, खेळाचा तास अभ्यासाला देऊन आपल्या शाळांचे निकाल त्या शाळांच्या पुढे गेले आहेत काय? दोन्हीकडे आपण मागे राहिलो असू, तर तो तास नेमका गेला कोठे?

आता करायचे काय, ते सांगते. केवळ टीका करून थांबणे सोपे असते. चौल, रेवदंडा, नागाव, थेरोंडा, कोर्लई, बोर्ली या परिसरातील शाळा एकमेकींपासून एस.टी.च्या थोड्या अंतरावर आहेत. शनिवारी शाळा सकाळची असते. जून-जुलैचा धो धो पाऊस सोडला, तर दर पंधरा दिवसांनी एका शनिवारी दुपारनंतर दोन शाळांनी एकत्र यावे. मुलींचा खोखो, मुलींची कबड्डी, धावण्याच्या शर्यती. पद्धत बाद नव्हे, साखळी. म्हणजे प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळेल आणि हरणाराही पुन्हा खेळेल. मैदान नसेल तेथे पुळण. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास संध्याकाळी ओहोटी असते आणि वाळू लांबवर उघडी पडते, हे आपल्याकडच्या कोणत्याही कोळ्याला विचारा. मुंबईच्या शाळा मोसमाप्रमाणे वेळापत्रक आखतात. आपण तिथीप्रमाणे आखू! खर्च तो काय? एक शिटी, एक दोरी, थोडी फक्की, एक घड्याळ आणि बाहेरून येणाऱ्या संघाचे एस.टी.चे भाडे.

आणि माणसे? ती आपण. आपल्या महाविद्यालयात गावोगावहून आलेली शेकडो मुले-मुली आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेत आपण दर वर्षी रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याच तासांतून काही तास पंचगिरीला आणि गुणलेखनाला का देऊ नयेत? जिमखान्याने खोखो-कबड्डीच्या पंचांचे चार दिवसांचे शिबिर घ्यावे. मुलींच्या सामन्यांना कॉलेजच्या मुली पंच म्हणून उभ्या राहिल्या तर घरचेही निर्धास्तपणे पाठवतील. गावात ताईने नेले आणि ताईने आणून सोडले, एवढे पुरते. आपल्या प्राध्यापकांपैकी दोघांनी शाळांच्या मुख्याध्यापकांना भेटून तारखा मागून घ्याव्यात. कोर्लईच्या चर्चच्या फादरांनाही विचारावे. ज्यांच्या संस्थेने मुंबईत हे जाळे विणायला हात लावला, ते खाडीच्या या बाजूच्या मुलींसाठी नाही म्हणतील, असे मला वाटत नाही.

यातून उद्या ऑलिंपिकचे पदक येईल, असे मी म्हणत नाही. कदाचित जिल्ह्याचा चषकसुद्धा येणार नाही. परंतु वर्षाला एक सामना खेळणारी मुलगी जेव्हा दहा सामने खेळेल, तेव्हा तिच्यात काय आहे ते निदान तिला तरी कळेल. आज आपल्या हजारो मुली आपण काय करू शकलो असतो हे न कळताच चुलीपाशी जाऊन बसतात. हा अन्याय कोणी मुद्दाम केलेला नाही. तो वेळापत्रकावरच्या एका रिकाम्या चौकोनातून होतो.

तो चौकोन भरायचा आहे. जिमखान्याच्या सचिवांकडे मी एक वही ठेवली आहे. पंच म्हणून ज्यांना यायचे असेल त्यांनी आपले नाव, गाव आणि शनिवारी मोकळे असण्याची वेळ तीत लिहावी. पहिले नाव माझे आहे. दुसऱ्या नावाची वाट पाहते आहे.